लसणाने गेलेले ठिपके परत का आले?

पत्रलेखिका ठाण्यात राहतात. नाव-पत्ता अर्थातच गुप्त. घरी २५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे असलेला टँक आहे, दोन वर्षं जिवापाड जपलेला. त्यात मशरूम, झोआ आणि एक मोठं लेदर अशी मऊ कोरलं, शिवाय दोन क्लाउनफिश, एक पिवळा रॅस आणि एक रॉयल ग्रामा असं बिऱ्हाड होतं. दीड महिन्यापूर्वी बारा वर्षांच्या लेकीच्या हट्टाखातर निळा टँग मासा आणला आणि थेट टँकमध्ये सोडला. आठवड्याभरात त्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले. खाणं लसणाच्या रसात भिजवून द्यायला सुरुवात केली आणि चार-पाच दिवसांत ठिपके गेले. घरात आनंदीआनंद झाला. पण दहा-बारा दिवसांनी ते दुपटीने परतले, या वेळी सगळ्याच माशांवर, आणि रॉयल ग्रामा दगावला. दुकानदार म्हणतो, टँकमध्येच तांब्याचं औषध टाका. एक परिचित कडुनिंबाचं पाणी आणि हळद सुचवतात, दुसरे क्लीनर रॅस (इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारा मासा) आणायला सांगतात. दोन क्लीनर कोळंब्या तर आणूनही झाल्या. नवरा म्हणतो, सगळं विकून टाक. त्या विचारतात : "या मुक्या जिवांवर मला केमिकलचा मारा करायचा नाही. समुद्रात कोण औषध टाकतं? निसर्गाच्या मार्गाने हे परजीवी घालवता येणार नाहीत का? त्यासाठी दगड-कोरलांची सगळी मांडणी मोडावी लागेल का? आणि ग्रामा माझ्यामुळे गेला का?"

प्रिय मैत्रिणीस,

बाकीचं वाचण्याआधी टँकपाशी जा आणि दोन गोष्टी बघून या. एक, माशांच्या अंगावर सुटे सुटे, मोजता येतील असे पांढरे दाणे आहेत, की टाल्कम पावडर उडावी तसा बारीक, पिवळसर-राखाडी थर आहे? तो थर तिरक्या उजेडात टॉर्च धरला की दिसतो. दोन, मोबाइलवर मिनिट लावा आणि प्रत्येक माशाचा कल्ला किती वेळा उघडमिट करतो ते मोजा. आकडा शंभराच्या पुढे गेला असेल, मासा पंपाच्या धारेत तोंड घालून उभा असेल, खाणं सोडून दिलं असेल आणि अंगावर पावडरीसारखा थर असेल, तर तो व्हेल्व्हेट नावाचा वेगळा आजार आहे. त्यात मासे एक-दोन दिवसांत जातात आणि तिथे नैसर्गिक-अनैसर्गिक अशा विचाराला वेळच नसतो. मासे त्याच दिवशी वेगळ्या टबमध्ये काढून औषधावर घ्यावे लागतात. क्लाउनफिशच्या अंगावर दाण्यांऐवजी चिकट पांढरी साल सुटल्यासारखं दिसत असेल, तर तोही तिसराच आजार आहे आणि तोही तितकाच घाईचा.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून आणि मुख्य म्हणजे ठिपके गेले-आले त्या दिवसांच्या हिशेबावरून मला हा साधा मरीन इक वाटतो. शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. यात हाताशी थोडा वेळ असतो आणि तुमच्या मनासारखा, औषधाशिवायचा एक खरा मार्गही आहे. मात्र तो लसूण, हळद किंवा कोळंबीतून जात नाही. असं मी का म्हणते हे कळायला या प्राण्याचा दिनक्रम बघायला हवा. सगळी उत्तरं तिथेच आहेत.

माशाच्या अंगावर तुम्हाला दिसतो तो दाणा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून लहान असा एकपेशीय जीव. तो कातडीवर बसलेला नसतो, कातडीच्या वरच्या थराखाली शिरलेला असतो. तिथे तो माशाच्या पेशी खात, स्वतःभोवती गोल फिरत वाढतो. तीन ते सात दिवसांत त्याचं पोट भरलं की तो आपणहून मासा सोडतो आणि खाली पडतो. मग वाळूवर, दगडावर, काचेवर, गोगलगाईच्या शंखावर, जिथे मिळेल तिथे चिकटून स्वतःभोवती टणक कवच बांधतो. त्या कवचाच्या आत त्याचे तुकडे होत जातात आणि एका कवचातून शेकड्याने पिल्लं तयार होतात. कवच कधी तीन दिवसांत फुटतं, कधी तीन-चार आठवडे घेतं, क्वचित त्याहूनही जास्त. बाहेर पडलेल्या पिल्लाकडे दीड-दोन दिवसांचंच आयुष्य असतं. तेवढ्यात मासा मिळाला नाही तर ते मरतं. त्यातही पहिल्या सात-आठ तासांनंतर त्याची माशात शिरण्याची ताकद झपाट्याने उतरते.

आता तुमच्या तारखा यावर ठेवून बघा. टँगच्या अंगावरचे दाणे चार-पाच दिवसांत गेले, कारण त्यांची जायची वेळच झाली होती. लसूण दिला नसता तरी ते गेले असते. ते गेले ते तुमच्याच वाळूत गेले आणि दहा-बारा दिवसांनी शेकड्याने बाहेर आले. लसूण, आलं, जीवनसत्त्वाचे थेंब, "कोरलला सुरक्षित" असं लेबल लावलेल्या बाटल्या, या सगळ्यांची कीर्ती त्या चार-पाच दिवसांवर उभी आहे. आज औषध घातलं, शुक्रवारी ठिपके गेले, लोक लगेच ग्रुपवर लिहून मोकळे होतात. पुढच्या पंधरवड्यात काय झालं ते लिहायला फारसं कोणी परत येत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हे परजीवी मासा सोडतात ते प्रामुख्याने अंधारात, आणि कवचं फुटून पिल्लं बाहेर येतात तीही पहाटेच्या अंधारात. त्या वेळी तुमचा टँग दगडाच्या कपारीत अंग चिकटवून झोपलेला असतो आणि रॅसने वाळूत स्वतःला पुरून घेतलेलं असतं, म्हणजे जिथे कवचं आहेत अगदी तिथेच. पिल्लांना शोधाशोध करावीच लागत नाही. म्हणूनच सकाळी दिवे लागल्याबरोबर माशांकडे बघा. नवे दाणे तेव्हा दिसतात.

समुद्रात कोण औषध टाकतं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी टाळणार नाही. समुद्रातल्या माशांवरही हा परजीवी असतो. पण तिथे एखाद-दुसराच असतो. रात्री मासा सोडून तो तळाशी पडतो, प्रवाह त्याला वाहून नेतो, आणि पिल्लं बाहेर येतात तेव्हा तो मासा कुठल्या कुठे गेलेला असतो. शेकडो पिल्लांपैकी एखाद्यालाच घर सापडतं, बाकीची उपाशी मरतात. म्हणजे समुद्र माशांना वाचवतो तो अंतर देऊन, अफाट पाणी देऊन. तुमच्या आमच्या काचेच्या पेटीत नेमकं तेच नाही. तिथे पिल्लू बाहेर आलं की मासा हातभर अंतरावर असतो. तेव्हा निसर्गाचा मार्ग हवा असेल तर समुद्राने दिलेलं अंतर आपण हाताने उभं करायचं : मासे आणि कवचं एकमेकांपासून वेगळी काढायची, आणि पिल्लांना उपाशी मरू द्यायचं. यात कसलंही रसायन लागत नाही. लागते ती मेहनत, जागा आणि बराच धीर.

तो मार्ग सांगण्याआधी तुम्हाला सुचवलेल्या बाकीच्या उपायांचं बघू.

दुकानदाराचं तांबं. तांबं इकवर चालतं, यात वाद नाही. पण ते टँकमध्ये टाकायचा सल्ला ऐकून मला खरंच राग आला. माशांना झेपणाऱ्या मात्रेतही कोळंब्या, गोगलगाई आणि कोरल मरतात. शिवाय दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे मात्रा टिकत नाही आणि शोषलेलं तांबं पुढे किती दिवस झिरपत राहील याचा भरवसा नाही. तांब्याची जागा वेगळ्या, दगड-वाळू नसलेल्या टबमध्ये, तीही चाचणी किट हाताशी असेल तरच. पाण्यात मोकळ्या असलेल्या साध्या (आयनिक) तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढी अरुंद आहे. खाली गेली तर परजीवी जगतो, वर गेली तर मासा धोक्यात. बांधीव तांब्याच्या, म्हणजे तांबं दुसऱ्या रसायनाला बांधून ठेवलेल्या औषधांची मात्रा वेगळी, ती बाटलीवर दिलेली असते. अंदाजाने घालायची ही वस्तू नाही.

पण एक सांगू का? तुम्ही "केमिकल" आणि "नैसर्गिक" अशी जी दोन खाती पाडली आहेत, त्यांचा इथे उपयोग होत नाही. ज्या तांब्याच्या कळशीतलं पाणी आपण आरोग्याला चांगलं म्हणून पितो, तोच धातू कोळंबीचा जीव घेतो. आणि कडुनिंब, जो आपल्याला घरच्यासारखा वाटतो, त्यातला अझाडिरॅक्टिन हा घटक किड्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. शेतात त्याचा उपयोग त्यासाठीच होतो. कोळंबीही कात टाकूनच वाढते. तुम्ही हौसेने आणलेल्या दोन कोळंब्यांच्या पाण्यात कडुनिंब घालणं म्हणजे त्यांच्यावर कीटकनाशक फवारणं. हळद पाणी गढूळ करेल, स्किमरला (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राला) त्रास देईल, आणि कातडीखाली शिरलेल्या जिवापर्यंत पोचणारही नाही. पदार्थ झाडाचा की कारखान्याचा हे न विचारता विचारा, की तो या परजीवीच्या कुठल्या अवस्थेला गाठतो आणि त्या वाटेत आणखी कोणाला मारतो.

लसणाबद्दल माझं मत एवढं कडक नाही. लसणाच्या वासाने काही मासे खायला लागतात, आणि आजारात खाणं ही फार मोठी गोष्ट आहे. टँग त्यामुळे नोरीच्या (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या) पट्टीला तोंड लावत असेल तर जरूर द्या. उपचार म्हणून त्यावर विसंबू नका, एवढंच.

क्लीनर रॅस कृपया आणू नका. ऑस्ट्रेलियातल्या लिझार्ड बेटाजवळ या माशांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा एक मासा दिवसाला सुमारे १,२०० परजीवी खातो असं दिसलं. पण ते परजीवी वेगळे : माशाच्या अंगावर बाहेरून चिकटणारे, डोळ्यांना दिसणारे छोटे कवचधारी. कातडीच्या आत बसलेला इक त्याच्या हाती लागत नाही. घरच्या टँकमध्ये तो बहुतेक वेळा उपाशी मरतो, आणि समुद्रातून उचलला गेल्यामुळे तिथल्या माशांची सेवाही बुडते. कोळंब्या आणल्याच आहेत तर राहू द्या. गाळात पडलेली काही कवचं त्या खात असतील, त्यांच्यामुळे भार थोडा कमीही होत असेल, पण त्या साथ संपवू शकत नाहीत.

आणि कोणी गोड्या पाण्यात मासा बुडवायला सांगितलं असेल, तर तेही इकसाठी व्यर्थ आहे. बाहेरून चिकटणाऱ्या चपट्या कृमींवर ते चालतं. कातडीखालचा जीव त्यात सुरक्षित राहतो.

आता खरे पर्याय. माझ्या दृष्टीने दोनच आहेत.

पहिला, काहीच न मोडता सांभाळत राहणं. चांगलं आणि वेगवेगळं खाणं, पाणी स्थिर, माशांवर ताण कमी, जमल्यास यूव्ही दिवा. यूव्ही फक्त त्यातून वाहून गेलेल्या पिल्लांना मारतो, पण संख्या खाली ठेवायला मदत करतो. या मार्गात तथ्य आहे, कारण आजारातून बरा झालेल्या माशात या परजीवीविरुद्ध काही प्रमाणात प्रतिकारशक्ती तयार होते आणि ती काही महिने टिकते. लसणाने मासे बरे झाले म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत खरं काम हिने केलेलं असतं. सगळे मासे हट्टेकट्टे, ठिपके पाच-दहा, खाणं व्यवस्थित, अशा घरी मी हा मार्ग नाकारणार नाही. मात्र तो निवडला तर हे मनाशी पक्कं हवं की परजीवी टँकमध्येच आहे. पुढे आणलेला प्रत्येक नवा मासा त्याच्या तोंडी जाईल. आणि मे महिन्यात दुपारी चार तास वीज गेली, पाणी ३१-३२ अंशांवर चढलं, त्यातला प्राणवायू उतरला, की माशांची ताकद खचते आणि साथ पुन्हा उसळते. तुमच्याकडे एक मासा गेला आहे, सगळ्यांवर ठिपके आहेत आणि टँग इकला सगळ्यांत लवकर बळी पडणाऱ्यांपैकी आहे. म्हणून तुम्हाला मी हा मार्ग सुचवत नाही.

दुसरा मार्ग अंतराचा. सगळे मासे बाहेर काढायचे, त्यांना दर तीन दिवसांनी नव्या टबमध्ये हलवायचं, आणि मूळ टँक माशांविना मोकळा ठेवायचा. कोरल, कोळंब्या, गोगलगाई तिथेच राहतील. इक त्यांना खात नाही.

तीन दिवसच का? माशावरून पडलेल्या परजीवीचं कवच फुटायला किमान तीन दिवस लागतात. त्याआधी मासा दुसऱ्या टबमध्ये गेला की मागे राहिलेल्या पिल्लांना कोणी सापडत नाही. अंगावर उरलेले पुढच्या टबमध्ये पडतात, तेही मागे राहतात. सात दिवसांत अंगावरचे सगळे गळून जातात. आपण बारा दिवस चालवतो ते पदरी सुरक्षितता असावी म्हणून. पहिल्या दिवशी मासे टबमध्ये आले, की चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी हलवायचे. ७२ तासांच्या पुढे कधीही जाऊ द्यायचं नाही. ऑफिसचा दिवस असेल तर सकाळी निघण्याआधी उरका, संध्याकाळवर ढकलू नका.

सामान फार लागत नाही. ६० लिटरचे दोन प्लास्टिकचे टब, दोन हीटर, दोन एअर पंप आणि त्यांचे बुडबुडे सोडणारे दगड, लपायला पीव्हीसी पाइपचे मोठे तुकडे, झाकायला जाळी. जाळी विसरू नका, रॅस उडी मारतो. हे सगळं दोन-दोन घ्यायचं, कारण एक संच वापरात असताना दुसरा धुऊन कडकडीत वाळायला हवा. उन्हात वाळवणं उत्तम. पावसाळ्यात पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवा, कुठे ओल राहता कामा नये. पाणी पाच वेळा भरायचं, म्हणजे ३०० लिटर, म्हणजे साधारण ११ किलो समुद्री मीठ. आधीच आणून ठेवा, मध्येच संपलं तर केलेलं सगळं पाण्यात. नवं पाणी आदल्या दिवशी कालवून, हवा सोडून, तापमान आणि खारटपणा जुन्या टबशी तंतोतंत जुळवून ठेवा. मासा हलवताना जुनं पाणी शक्य तितकं कमी जाऊ द्या. टबमध्ये फिल्टर नसल्यामुळे माशांच्या घाणीतून साठणारा विषारी अमोनिया रोज तपासा, खाणं थोडं-थोडं द्या, उरलेलं लगेच काढा, आणि अमोनिया बांधून ठेवणारं द्रावण घरात ठेवा. ते केमिकलच आहे, पण माशाच्या कल्ल्यांना भाजू देत नाही. इथे हट्ट करू नका. रॅसला झोपायला वाटीभर स्वच्छ वाळू द्या आणि प्रत्येक वेळी ती वाळू फेकून नवी घ्या.

टब हॉलमध्ये, टँकशेजारी ठेवू नका. एअर पंपाच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबरही असे परजीवी पसरू शकतात. दुसरी खोली बघा, आणि तिथली जाळी, मग, ओला हात टँककडे येऊ देऊ नका.

मांडणी मोडण्याच्या भीतीबद्दल. तुम्हाला वाटतं तेवढं मोडावं लागत नाही. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी मंद लाल टॉर्च घेऊन बघा. क्लाउनफिश लेदर कोरलच्या कुशीत अर्धवट झोपेत असतात, मगात सहज येतात. टँग कपारीत अडकून झोपतो. त्याला जाळीने धरू नका, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, तो जाळीत गुंततो आणि मासा जखमी होतो. पारदर्शक प्लास्टिकचा डबा पुढे धरून मागून हळूच हुसकवा. रॅस मात्र रात्री वाळूत असतो, त्याला दिवसा खाण्याचं आमिष लावून बाटलीच्या सापळ्यात पकडा. दोन-तीन दिवस दमाने घ्या. तरी एखादा राहिलाच तर दोन ड्रम आणा, टँकचं पाणी त्यांत काढून वीतभर ठेवा, मासा आपोआप उघडा पडतो. तुमची मऊ कोरलं काही मिनिटं पाण्याबाहेर राहिली तर मिटतात, मरत नाहीत. पाणी परत भरा. एकही मासा आत राहिला तर मात्र टँक मोकळा ठेवण्याला काही अर्थ उरत नाही.

मोकळा किती दिवस? २७ अंशांना बहुतेक कवचं काही आठवड्यांतच फुटून जातात, आणि सहा आठवडे पुरतात असं मानणारे अनुभवी लोक आहेत. पण प्रयोगात एक कवच ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे, म्हणून ७६ दिवसांचा जुना हिशेब चालत आला. तुमच्याकडे टँग आहे, म्हणून मी ७६ दिवसच सांगेन. त्या काळात टँकमध्ये चिमूटभर खाणं टाकत राहा, म्हणजे पाणी साफ ठेवणारे जिवाणू उपाशी राहणार नाहीत. कोळंब्यांना वेगळं भरवा. दुकानातून काहीही आणून आत ठेवू नका : कोरल नाही, गोगलगाय नाही, दगड नाही. त्यांच्यावरही कवच असू शकतं आणि तुमचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. (आपल्या समुद्रातली दगडी कोरलं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांचा मोह एरवीही नको.)

तेराव्या दिवसानंतर मासे बाकीचे दोन महिने कुठे राहणार, ही तयारी पहिल्याच दिवशी करायची. एखादा जुना शंभर लिटरचा काचेचा टँक घ्या, त्यात नवा स्पंज फिल्टर बाटलीतल्या जिवाणूंवर तयार व्हायला लावा. मूळ टँकमधला स्पंज किंवा दगड तिथे न्यायचा मोह फार होतो. नेऊ नका, त्याबरोबर इकही जाईल.

हे सगळं करूनही माशांवर ठिपके उठले, किंवा एखादा खाणं सोडून धापा टाकू लागला, तर मग औषधाला नाही म्हणू नका. वेगळ्या टबमध्ये, मोजून. नेमका आजार कळण्यासाठी लेकीच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची मदत घेता येईल. टबच्या तळाशी सकाळी पडलेले पांढरे कण ड्रॉपरने उचलून काचपट्टीवर ठेवा. इक असेल तर गोलसर, काळपट, सगळ्या अंगावर हलणारे केस असलेला जीव हळूहळू फिरताना दिसतो. एकदा तो बघितला की लसणाने हा जाईल का, हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

ग्रामाबद्दल. तुमच्या हातून झालं ते एवढंच, की नवा मासा थेट आत गेला. बाजारात शेकडो मासे एकाच फिरत्या पाण्यावर असतात, आणि काही ठिकाणी त्या पाण्यात थोडं तांबं सोडलेलं असतं, त्यामुळे आजार दबून राहतो आणि मासा घरी आल्यावर उमटतो. कुर्ल्याच्या बाजारात रविवारच्या गर्दीत चकचकीत दिसणारा मासा आतून निरोगी आहे, हे डोळ्यांनी ओळखणं मलाही शक्य नाही. म्हणून यापुढे नियम करा : मासा दुकानात खाताना बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि घरी आल्यावर आधी हे बारा दिवस, मग आणखी दोन-तीन आठवडे वेगळ्या टँकमध्ये नजरेखाली. आता तुमच्याकडे टब आहेतच. जमेल तिथे पैदाशीचे मासे घ्या. क्लाउनफिश तर आता तुमच्या शेजारी ऐरोलीलाही हॅचरीत वाढवले गेले आहेत. त्यांनी समुद्रातून दुकानापर्यंतचे हाल सोसलेले नसतात.

शेवटी जे तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगायलाच हवं. निळा टँग पूर्ण वाढला की फूटभर होतो आणि दिवसभर पोहतो. २५० लिटरमध्ये तो आज मावतो आहे, दोन वर्षांनी मावणार नाही, आणि अडचणीत राहणारा टँग सततच्या ताणामुळे या आजाराला पुन्हा पुन्हा बळी पडतो. या माशाची बंदिस्त जागेत पैदास पहिल्यांदा जमली ती २०१६ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना. बाजारात येणारे बहुतेक टँग अजूनही समुद्रातून धरलेले असतात. तुमचा टँगही बहुधा एखाद्या खऱ्या रीफवर जन्मलेला आहे. नवऱ्याचं "सगळं विकून टाक" मला पटत नाही. आजारी मासे विकणं म्हणजे दुसऱ्याच्या टँकमध्ये इक पोचवणं. पण टँग बरा झाल्यावर, हे ७६ दिवस संपल्यावर, सहा फुटी टँक असलेल्या एखाद्या जाणत्या माणसाकडे त्याला द्यावा असं मला मनापासून वाटतं.

लेकीला आत्ताच विश्वासात घ्या. बारा वर्षांच्या मुलीला हे सगळं नीट समजतं, कवचं-पिल्लांचा हिशेब तर आपल्यापेक्षा लवकर. टब बदलायच्या तारखा कॅलेंडरवर तिलाच लिहू द्या, रोजची कल्ल्यांची मोजणी तिच्याकडे द्या, आणि टँगसाठी नवं घर बघायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या. टँकचा आकार, तिथले मासे, तो माणूस नव्या माशाला आधी वेगळं ठेवतो की नाही, हे प्रश्न तिने विचारावेत. उत्तरं तिला पटली नाहीत तर तिथे देऊ नका, दुसरं घर शोधा.